हॉटेलात नवीन लागलात? पगार, तास आणि युनियन यांची पायरीपायरीने माहिती

हा लेख जेवणाच्या हॉटेलांत काम करणाऱ्यांसाठी आहे: वेटर, कॅप्टन, कुक, हेल्पर, मोरीवाला, बाहेरवाला, पार्सल काउंटरवाला. पंचतारांकित हॉटेलांत जुन्या युनियन आहेत, त्यांचे करारही ठरलेले असतात. खरी ओढाताण दहा ते तीस माणसांच्या हॉटेलांत होते. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडे तेच.

हॉटेल कामगाराची तक्रार बहुतेक वेळा एकाच जागी अडकते. "हा आमच्याकडे कामाला नव्हताच," असं मालक लिहून देतो आणि कामगाराकडे दाखवायला काही नसतं. म्हणून क्रम पाळा: आधी पुरावा, मग हिशेब, मग माणसं, आणि त्यानंतर मागणी. सुरुवातच भांडणाने केली की पुढचं सगळं अवघड होतं.

कायद्याबद्दल एक सूचना. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. किमान वेतन, ग्रॅच्युइटी, ट्रेड युनियन वगैरेंचे जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 हा राज्याचा कायदा वेगळा आहे. अर्जाचे नमुने या काळात बदलत आहेत, तेव्हा कामगार कार्यालयात जाताना नेटवरून उतरवलेला जुना फॉर्म नेऊ नका, तिथेच मागून घ्या.

पायरी 1: पहिल्या आठवड्यात पुरावा गोळा करा

दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. मागा. मिळालं नाही, आणि छोट्या ठिकाणी सहसा मिळत नाही, तर खालच्या गोष्टी जमवा.

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घेणं आणि विषमज्वराची लस देणं एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत आहे. त्या दाखल्यावर तुमचं नाव असतं आणि बहुधा हॉटेलचंही. त्याचा फोटो काढून ठेवा. परमिट रूममध्ये दारू देण्याच्या कामावर असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा नोकरनामा असतो, त्याचाही फोटो घ्या. सरकारी शिक्क्याच्या कागदापुढे मालकाचं "नव्हताच" टिकत नाही.

त्याशिवाय ओळखपत्र, गणवेशातले फोटो, ड्युटी चार्टचा दर महिन्याला एक फोटो, मॅनेजरचे "उद्या लवकर ये" असे मेसेज आणि पगार जमा झाल्याची बँकेची नोंद. पगार रोखीने मिळत असेल तर खात्यात टाकायला सांगा. नाहीच ऐकलं तर ज्या दिवशी हातात पडेल त्याच दिवशी पूर्ण रक्कम स्वतःच्या खात्यात भरा. दर महिन्याच्या त्याच सुमाराच्या भरण्यातून निदान पगाराची साखळी तरी दिसते.

दोन गोष्टी अजिबात करू नका. मूळ आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला मालकाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. करावीच लागली तर सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने घाला. तारीख पडली की त्या कागदाचा मालकाला फारसा उपयोग उरत नाही.

पायरी 2: वही

दहा रुपयांची छोटी वही पुरते. रोज एक ओळ: तारीख, कामाला लागलो, ब्रेक, परत लागलो, सुटलो. खाडा, सुट्टी, उचल, कापलेले पैसे त्याच ओळीत. पेनाने लिहा, पान फाडू नका, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहा. आठवडाभराचं एकदम बसून लिहिलेलं उलटतपासणीत लगेच उघडं पडतं, कारण शाई एक, अक्षर एक आणि वेळा सगळ्या गोल. 11:40 ला सुटलात तर 11:40 लिहा, 12 लिहू नका.

दर रविवारी पानाचा फोटो काढून घरच्या कुणाला पाठवा. वही स्टाफ रूममध्ये ठेवू नका.

पायरी 3: तासांचा हिशेब

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण हॉटेलात सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो.

आठवड्याला 48 तास ही मर्यादा. दिवसाची मर्यादा 2017 च्या कायद्यात 9 तास होती, 2025 च्या दुरुस्तीने ती 10 केली. "आता दहा तास कायदेशीर झाले" असं सांगून सहा दिवस दहा-दहा तास राबवून घेणारे बरेच निघाले आहेत. दिवस लांबला तरी आठवडा 48 चाच आहे. त्यावरचा प्रत्येक तास जादा कामाचा, आणि त्याचा दर दुप्पट. त्याच दुरुस्तीने या कायद्याच्या बहुतेक तरतुदी 20 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांपुरत्या केल्या, आधी ही संख्या 10 होती. पण किमान वेतन आणि जादा कामाचा दुप्पट दर वेतन संहितेतून (वरच्या चारांपैकी एक) येतो, म्हणून पाच माणसांच्या खानावळीलाही तो चुकत नाही.

हॉटेलातली खास भानगड म्हणजे ब्रेक ड्युटी. सकाळी 10 ते दुपारी 3:30, मग संध्याकाळी 6:30 ते रात्री 11:30. प्रत्यक्ष काम साडेदहा तास. पण पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा पसारा साडेतेरा तासांचा. कायदा हा पसाराही मोजतो, आणि तो जास्तीत जास्त ओढला तरी 12 तासांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे ही ड्युटी दोन्ही बाजूंनी बेकायदा आहे.

आता पैसे. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 15,600.

15,600 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 600.
600 भागिले 8 म्हणजे तासाचे 75, दुपटीने 150.
रोज आठ तासांवर अडीच तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 65 तास.
65 गुणिले 150 म्हणजे 9,750 रुपये.

महिन्याला 9,750. हा आकडा स्वतःच्या पगाराने एकदा काढून बघा. बहुतेकांना "जादा कामाचे थोडेफार" येणं असेल असं वाटत असतं.

किमान वेतनासाठी हॉटेल-उपाहारगृहांचा स्वतंत्र तक्ता आहे: परिमंडळ, म्हणजे शहर केवढं, आणि कुशल, अर्धकुशल की अकुशल. मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो, तो जानेवारी आणि जुलैत बदलतो. मास्टर, तंदूरवाला यांना "हेल्पर" दाखवून अकुशलचा दर लावणं ही नेहमीची युक्ती. उलट बाजूने, कॅप्टनला "असिस्टंट मॅनेजर" म्हणायचं आणि मॅनेजरला जादा तास लागू नाहीत असं सांगायचं. पदाचं नाव काहीही असो, रोज काय काम करता ते वहीत लिहा. ऑर्डर घेता, ताटं उचलता, तर ते कामगाराचं काम.

साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाला हवीच. हॉटेल चोवीस तास उघडं ठेवायची परवानगी मालकाला असेल, पण ती कामगाराच्या तासांना लागू होत नाही.

पायरी 4: कापाकापी, उचल, टिप

फुटलेल्या ग्लासचे, बिल न देता पळालेल्या गिऱ्हाइकाचे, गल्ल्यात कमी पडलेल्याचे पैसे पगारातून सरसकट कापता येत नाहीत. वस्तू किंवा पैसे तुमच्या ताब्यात सोपवलेले हवेत, नुकसान तुमच्या हलगर्जीने झालेलं हवं, आणि कापण्यापूर्वी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. दंड पगाराच्या 3 टक्क्यांपर्यंत, सगळी कपात मिळून 50 टक्क्यांपर्यंत. "टेबल 6 चं बिल बुडालं, सगळ्या वेटर्समध्ये वाटून कापा" हे यात कुठेच बसत नाही.

गावाहून आणताना दिलेली उचल हप्त्याने फेडता येते. पण उचल फिटेपर्यंत हॉटेल सोडायचंच नाही, अशी सक्ती वेठबिगारीत मोडते. त्याविरुद्ध 1976 पासून कायदा आहे.

सर्व्हिस चार्ज गिऱ्हाइकावर लादता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ते कायम केलं. तेव्हा "सर्व्हिस चार्जमधून तुमचा पगार वाढवू" या आश्वासनावर विसंबू नका, पगार पगारातच मागा. टिपचं पुढे येईल, तिचा संबंध कायद्यापेक्षा एकीशी जास्त आहे.

पायरी 5: पीएफ आणि ईएसआयसी

20 किंवा जास्त कामगार असतील तिथे पीएफ. तुमचे 12 टक्के कापले गेले तर मालकाचा वाटाही जमा व्हायला हवा, आणि तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ क्रमांक, चालू करून उमंग अ‍ॅपवर पासबुक दर दोन महिन्यांनी बघा. स्लिपवर कपात आहे पण पासबुकात रक्कम नाही, असं दिसलं तर दोन्हींचे स्क्रीनशॉट घेऊन पीएफ कार्यालयाच्या तक्रार संकेतस्थळावर टाका. यात तुमचं म्हणणं विरुद्ध मालकाचं म्हणणं असा प्रश्न येत नाही, नोंद त्यांच्याकडेच असते. म्हणून ही तक्रार इतर तक्रारींपेक्षा लवकर हलते.

10 किंवा जास्त कामगार आणि पगार 21,000 पर्यंत, तर ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा. तुमचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. कार्ड आजारी पडल्यावर मागू नका, लागल्यावर लगेच मागा. आजारपणाच्या रजेचा 70 टक्के पगार मिळायला सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

पायरी 6: भाजलं, कापलं, आग लागली

कढईचं तेल, तंदूर, वाफ, ग्राइंडर, ओली फरशी. भटारखान्यातले अपघात याच चार-पाच ठिकाणी होतात. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, बर्फ, हळद काही लावू नका. अंगठी, कडं, घड्याळ सूज येण्याआधी काढा.

मग येतो तो घोटाळा ज्यात अनेकांचं नुकसान होतं. दवाखान्यात सोबत आलेला मॅनेजर हळूच सांगतो, "घरी भाजलं म्हणून सांग, खर्च शेठ देईल." केसपेपरवर एकदा "घरी" लिहिलं की कामावरच्या अपघाताची भरपाई जवळजवळ गेली. डॉक्टरला हॉटेलचं नाव, वेळ आणि कसं भाजलं ते सांगा आणि कागदावर लिहिलेलं वाचून घ्या. ईएसआयसी असेल तर कामावरच्या दुखापतीसाठी वर्गणीच्या दिवसांची अट नाही, आणि बरे होईपर्यंत सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात. ईएसआयसी नसेल तर भरपाई थेट मालकाने द्यायची असते.

आगीचं वेगळं. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिल आवारातल्या आगीत 14 जण गेले. गोव्यात हडफडे इथे 6 डिसेंबर 2025 च्या रात्री नाइट क्लबला आग लागून 25 जण गेले, आणि त्यांतले बहुतेक तिथलेच कामगार होते, काही जण तळघरातल्या किचनमध्ये अडकले. तेव्हा पहिल्याच दिवशी तीन गोष्टी स्वतः बघा: भटारखान्यातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता आणि तिथे कांद्याची पोती रचलेली नाहीत ना, गॅस बँकेचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, रात्री झोपायच्या जागेला बाहेरून कुलूप लागतं का. लागत असेल तर ती पहिली मागणी. बाकी सगळं नंतर.

पायरी 7: माणसं जोडा

कागद तयार झाले की माणसं. एकट्याने तक्रार केली तर दुसरा माणूस उद्या उभा राहतो. तंदूरवाला, मास्टर आणि मोरीवाला एकत्र असतील तर शनिवार रात्र चालवणं मालकाला कठीण जातं.

आधी यादी करा. भटारखाना, तंदूर, चायनीज, सर्व्हिस, मोरी, पार्सल, गल्ला. प्रत्येक नावापुढे गाव, भाषा, राहतो कुठे, आणि कोणाच्या शब्दाला मान देतो. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कानडी, ओडिया, बंगाली, बिहारी, नेपाळी, गढवाली आणि मराठी पोरं एकाच छपराखाली असतात आणि जेवायला आपापल्या कोंडाळ्यात बसतात. प्रत्येक कोंडाळ्यातला एक माणूस सोबत हवा. मराठी आणि परप्रांतीय असा वाद मध्ये आला की संघटना तिथेच संपली, मालकाला काही करावंच लागत नाही.

बैठक दुपारी 4 ते 6 च्या ब्रेकमध्ये, हॉटेलपासून लांब, चार-पाच जणांची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरुवातीला नको. स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर पोचतो.

यानंतर टिप. सर्व्हिस आणि भटारखाना यांच्यातली जुनी खुन्नस बहुतेक टिपवरून असते. वेटरला वाटतं ती त्याची कमाई, मोरीवाल्याला वाटतं धुतलेल्या ताटाशिवाय टिप कसली. हे युनियनच्या आधी मिटवा. सोपी पद्धत म्हणजे हिस्से: समजा सहा वेटरांना एकेक हिस्सा आणि चार हेल्पर-मोरीवाल्यांना अर्धा, म्हणजे एकूण आठ हिस्से. आठवड्याला डब्यात 4,000 जमले तर वेटरला 500, मोरीला 250. प्रमाण तुम्ही ठरवा, पण लिहून ठरवा, आणि मोजताना दोन्हीकडचा एकेक माणूस हजर ठेवा.

पहिला मुद्दा लहान आणि सगळ्यांना लागणारा निवडा: स्टाफ रूमचा पंखा, पिण्याचं पाणी, बंद पडलेला एक्झॉस्ट, ठरलेली सुट्टी. तो सुटला की भित्रा माणूसही पुढच्या बैठकीला येतो. तीस जणांच्या हॉटेलात वीस पक्के झाल्याशिवाय उघड होऊ नका. आणि जे हॉटेलच्या खोलीत राहतात त्यांची काळजी आधी करा. नोकरी गेली की त्याच रात्री त्यांचं छप्पर जातं, म्हणून चार दिवस राहायची सोय आधी ठरलेली हवी.

पायरी 8: युनियन आपली की आधीची

नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात, आणि त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी ती. घटना, पदाधिकारी, बँक खातं, दरवर्षीचं विवरणपत्र एवढं सांभाळावं लागतं. विवरणपत्र वेळेवर न गेल्याने नोंदणी धोक्यात आलेल्या युनियन कितीतरी आहेत.

एका हॉटेलापुरती युनियन काढू नये असं आमचं मत. माणसं बदलतात, हॉटेल नाव बदलतं, मालक भागीदार बदलतो. एका रस्त्यावरची, एका प्रभागातली दहा हॉटेलं मिळून करा, नाहीतर आयटक, सीटू, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ, इंटक, भारतीय कामगार सेना अशा मोठ्या संघटनांशी जोडलेल्या युनियनमध्ये जा. जाण्यापूर्वी विचारा: वर्गणीची छापील पावती मिळते का, करारावर आमच्यातल्या कोणाची सही असेल का, आणि मालकाबरोबरच्या बैठकीत आमचे दोघे बसतील का. तिसऱ्या प्रश्नाला जो नेता टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका.

जॉर्ज फर्नांडिस यांची सुरुवात मंगळूरच्या हॉटेल कामगारांतून झाली होती, आणि कॉफी बोर्डाने कॉफी हाउस बंद करायला घेतल्यावर 1957-58 मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने वेटर आणि कुक यांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. हॉटेलवाल्यांची संघटना होतच नाही, असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

पायरी 9: मागणीपत्र

पाचच मागण्या, प्रत्येकीत आकडा आणि तारीख. "पगार वाढवा" असं लिहू नका. "1 तारखेपासून 48 तासांवरच्या कामाचे दुप्पट दराने पैसे, ते पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत खात्यात" असं लिहा. दोन प्रती, एकीवर पोच. मॅनेजर पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पंधरा दिवस वाट बघा.

मग कामगार कार्यालय. मुंबईत कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे, इतरत्र जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांकडे जा. तासांबद्दल आणि सुट्टीबद्दल तक्रार वेगळ्या अर्जात, थकलेल्या पैशांचा दावा वेगळ्या अर्जात. एकाच अर्जात सगळं कोंबलं की फाइल टेबलाटेबलावर फिरते. पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तडजोड झाली तर ती समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, लिहून घ्या. तिथे झालेला करार तिथल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर लागणाऱ्यांनाही. शेठच्या केबिनमध्ये झालेला फक्त सही करणाऱ्यांना.

संपाची भाषा सांभाळून वापरा. 14 दिवसांची नोटीस लागते, आणि समेट चालू असताना व संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. "आम्ही फक्त सुट्टी घेतली" म्हणून पगार आणि नोकरी दोन्ही गमावायची वेळ येते.

काढून टाकलं तर

"उद्यापासून येऊ नको" असं तोंडी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी गणवेशात जा, आत घेतलं नाही तर दारात फोटो काढा आणि त्याच दिवशी मेसेज करा: "मी कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही." हे केलं नाही तर नंतर "स्वतःच सोडून गेला" असं उत्तर येतं. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार 90 दिवसांत करायची असते. इतर मार्गांना जास्त मुदत आहे, पण सगळ्यात लहान मुदत धरूनच चला.

नोकरी सुटली, मग ती कशीही सुटो, राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी: पायरी 3 मधल्या 15,600 च्या पगाराने वर्षाला 15 दिवसांचे, 600 गुणिले 15, म्हणजे 9,000, पाच वर्षांचे 45,000. दरवर्षी गावी गेल्यावर "नव्याने भरती" दाखवून ही पाच वर्षं तोडली जातात. म्हणून गावी जाण्याआधी रजेचा अर्ज द्या, पोच घ्या, तिकिटाचा फोटो ठेवा.

शेवटी पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली का बघा. जुन्या मालकाने भरली नाही तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर तुम्ही स्वतः यूएएनवरून ती भरू शकता. तारीख पडल्याशिवाय जुन्या खात्यातले पैसे नव्या हॉटेलच्या खात्यात वळवताना अडतात.